तांब्याचा हंडा आणि लोखंडी तार

जनूकाका गेल्याचं मला बोईसरच्या बाजारात कळलं, तेही बोंबील निवडताना. मासळीवाली त्यांच्याच गावची, घिवलीची. सहज बोलून गेली, "आठ दिवस झाले. तुमाला ठाव नाय?" मी रिकामी पिशवी घेऊन सालवडला घरी आलो. बायकोनं विचारलं, मासळी कुठाय? त्या गोष्टीला आता महिना होत आला, पण एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही चारदा उठलो.

अणुवीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. समुद्राच्या पाण्याची पाहणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी लागलो होतो. मी साताऱ्याकडचा, समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. किनाऱ्यापासून थोडं आत एक लोखंडी खांब रोवलेला होता. त्याला पाण्याखाली तापमान मोजणारी नळी, आणि किनाऱ्यावरच्या खोपटात कागदावर तिची रेघ उमटायची. मला होडीनं तिथवर नेणारे आणि ती नळी साफ ठेवणारे म्हणजे जनूकाका. पंधरा दिवसांत नळीवर आधी बुळबुळीत शेवाळ चढायचं, मग पांढरी, टणक, धारदार कवचं. भरतीचं गार पाणी आलं तरी रेघ आपली सुस्त पडलेली. काका ओहोटीला जाऊन नारळाच्या सोडणानं नळी घासायचे आणि रक्ताळलेली बोटं घेऊन परतायचे. मुंबईच्या साहेबांनी बजावलं होतं, रेघ अशीच खोटी येत राहिली तर काम बंद. म्हणजे माझी नोकरी गेली, आणि काकांचा रोजही.

एकदा वल्हवता वल्हवता काका म्हणाले की घरच्या माठाला आतून बुळबुळ धरते, पण तांब्याच्या हंड्याला कधी धरत नाही. मग नळी हंड्यातच ठेवली तर? मी हसलो. दुसऱ्या दिवशी ते रखमाकाकींचा माहेरचा हंडा घेऊन हजर. पाणी आत खेळावं म्हणून काकांनी त्याला छिन्नीनं भोकं पाडली. काकींनी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता म्हणे. हंडा खांबाला बांधायची वेळ आली तेव्हा काका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "साहेब, तांब्याला लोखंड लावू नका. दर्यात तांबं लोखंडाला खातं. मधी लाकूड घाला नि काथ्यानं बांदा." मला काथ्याची दोरी म्हणजे खाटेला विणायची चीज वाटायची. ते होडी सावरत होते तेवढ्यात मी लोखंडी तारेचे चार वेढे देऊन मोकळा झालो. काकांनी नंतर पाहिलं, चुकचुकले, बदलू या म्हणाले. मी म्हटलं, चाललंय ते चालू द्या.

आणि चाललंही! नळी बोटाला गुळगुळीत लागायची, रेघ भरती-ओहोटीबरोबर वरखाली व्हायची, मी खोपटात शीळ घालत बसायचो. मग एका उधाणाला तार तुटली. हंडा गेला, नळी गेली, केबल तेवढी लोंबत राहिली. खांबाला उरलेला तारेचा तुकडा हातात बिस्किटासारखा मोडला. साहेब आले आणि त्यांनी विचारलं, बांधलं कोणी? माझं लग्न नुकतंच ठरलं होतं... मी म्हणालो, होडीवाल्यानं. काका तिथंच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो साहेब. मीच बांदला." त्याच दिवशी त्यांना काढलं. पुढच्या नळीला तांब्याचा पत्रा आला, मध्ये लाकूड आलं, काथ्या आला, आणि अहवालात ही युक्ती माझ्या नावावर लागली. मी गप्प बसलो. पुढे काका बाजारात दिसले की मी गल्ली बदलायचो. कधी त्यांनी गाठलंच, तर माझ्या मुलीची चौकशी करायचे. त्याची मला जास्तच चीड यायची, स्वतःची की त्यांची, कोण जाणे.

गेल्या रविवारी अखेर घिवलीला गेलो. रखमाकाकींनी माठातलं पाणी दिलं. फळीवर हंड्याची जागा अजून मोकळी होती, तिथं दुसरं काहीच ठेवलेलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. काकी सुकट निवडत होत्या, हात थांबला नाही.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्यानं. बोलला, परमुलखाचं पोर हाय, जाईल कुठं."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलंच. मग त्या म्हणाल्या, "पण गावात बोलले, जनूला गाठ मारता येत नाय. त्यानंतर कोणी त्याला आपल्या होडीवर घेतला नाय. मरेस्तोवर नाय."

एवढी वर्षं मी समजत होतो की त्यांचा फक्त रोज बुडाला. कोळ्याला गाठ येत नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. काकींना माझी माफी नको होती. त्यांनी एकच विचारलं, हे मी गावात चारचौघांत सांगेन का. मी उठून निघून आलो.

म्हणून हे छापायला देतोय. घिवलीत ज्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांनी कृपा करून हे बंदरावर मोठ्यानं वाचावं. हंड्याची ती गाठ जनूकाकांची नव्हती. ती मी मारली होती.