सरावलीचे नीराभक्त

महादेवभाऊ राऊतांवर कुणीतरी करणी केली, म्हणून त्यांचं पोट फुगलं, असं सरावलीत घरोघर बोललं जात होतं. करणी कसली डोंबलाची! ते पोट भाऊंनी स्वतः कमावलेलं, रोज दोन लोटे, वीस वर्षं, एक दिवस खाडा नाही.

साल अठ्ठावन्न. दारूबंदीमुळे ताडी म्हणजे गुन्हा, नीरेला मात्र परवानगी. भाऊंच्या चिकूच्या वाडीत पाच ताड. "आपण फक्त नीरा घेतो, सरकारमान्य!" असं ते चारचौघांत सांगत. नीरा पहाटे पितात. भाऊ भर दुपारी पीत, आणि प्याल्यावर बैलाशी गुजरातीत बोलत.

डोळे पिवळे झाले तेव्हा बायको नर्मदाबाईंनी त्यांना डहाणूला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं रुतवली.

"लिव्हर सुजलंय. पोटात पाणी साठतंय. आता एक घोट जरी घेतलात, तर वाडीतले पुढचे चिकू दुसरेच खातील."

"पण डॉक्टर, नीरा..."

"दुपारपर्यंत आंबली की ती ताडीच, भाऊ."

घरी येताच बाईंनी ताडावर चढणाऱ्या काकड्याला बोलावलं. "मडक्याला आतून चुना फासला की रस आंबत नाही. उद्यापासून पाचही मडक्यांना चुना!"

दुसऱ्या दिवशी ताडावर मडकी बगळ्यासारखी पांढरीशुभ्र. बाई खूश. भाऊ त्याहून खूश. चुना सगळा बाहेरून होता, आतून मडकी कोरी! काकड्याला भाऊंनीच तसं पढवलं होतं. "बाई खालून बघते रे. तिला दिसेल तिथं लाव."

महिनाभर गावात भाऊंच्या निग्रहाचं कौतुक चाललं. तिकडे पाय सुजून वहाण चढेना. मग एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या भाऊंना रक्ताची उलटी झाली. बैलाच्या शिंगाला न घाबरणारा माणूस बाईंचा हात धरून चुन्याचं सगळं कबूल करून बसला. बाईंनी मडकी उतरवून घेतली आणि एकेक करून दगडावर फोडली. मग गाडी जुंपायला सांगितली.

भाऊ दवाखान्यातून वाचून आले. वर्षभर थेंब नाही. आशागडच्या एका लग्नात कुणीतरी डिवचलंच, "काय भाऊ, शेवटी सोडलीत म्हणे!"

भाऊ म्हणाले, "मी कुठं सोडली? लिव्हरनं सोडली. मला त्याच्याबरोबर दिवस काढायचेत, म्हणून गप्प बसतो."