परत ठेवलेलं दुपटं

नाताळच्या आधी आमच्या गावातल्या मिशनच्या आवारात विक्री असते. सिस्टरांकडे आसऱ्याला आलेल्या बायकांनी शिवलेल्या वस्तू मांडतात आणि मी टेबलापाशी मदतीला उभी राहते. यंदा माझ्याशेजारी सुमन होती. तिचा नवरा एचआयव्हीनं गेला, तिलाही लागण झाली, म्हणून माहेरानं दार बंद केलं. तेव्हापासून ती इथंच राहते आणि शिवते.

एक गरोदर मुलगी नवऱ्यासोबत आली. तिनं पिवळं दुपटं उचलून गालाला लावलं.

"किती मऊ आहे. कुणी शिवलं?"

"हिनं," मी कौतुकानं सुमनकडे बोट दाखवलं.

नवऱ्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो सुमनचा धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं. त्यानं बायकोच्या हातातलं दुपटं काढून टेबलावर ठेवलं.

"चल, आधी हात धुऊन घे," एवढंच तो म्हणाला.

कापडातून हा आजार लागत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. अनोळखी बाईच्या हातचं दुपटं त्यानं आनंदानं नेलं असतं, वर चार लोकांना सांगितलंही असतं. दया करायला परकं माणूस सोयीचं पडतं. सख्ख्या बहिणीवर दया केली, की तिला घरी न्यावं लागतं.

लांबून त्या दोघांना पाहिलेल्या सिस्टर थोड्या वेळानं आल्या. "का गं, नेलं नाही त्यांनी?"

सुमन दुपट्याची घडी घालत होती. "रंग आवडला नाही त्यांना," ती म्हणाली.