रायापूरच्या परसातलं शून्य

गरुड बघायला माणसं मिळतात. पहाटे उठून, पदरचे पैसे घालून, काट्याकुट्यांतून येतात. साळुंक्या मोजायला या म्हटलं, की नेमके त्याच दिवशी प्रत्येकाकडे पाहुणे येतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धारवाडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि सप्तापुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. पक्ष्यांतलं मला कावळा-चिमणीपलीकडे फारसं कळत नव्हतं. योगायोग असा, की पक्षी मोजणाऱ्या एका गटाला नेमकं तेवढंच कळणारं माणूस हवं होतं. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश अशा चार देशांतल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं होतं, की दर जानेवारीत रोजच्या बघण्यातले पक्षी मोजायचे. चिमण्या, कावळे, साळुंक्या, होले, बुलबुल. ते वाढतायत की कमी होतायत, हे वर्षानुवर्षं बघत राहायचं. त्यांच्या एका बैठकीला मी मैत्रिणीबरोबर सहज गेले होते. तिथं तोंड उघडलं आणि म्हणाले, "सकाळची मोजणी आणि दुपारची मोजणी एकाच तराजूत कशी घालता?" झालं. ते लोढणं माझ्याच गळ्यात अडकलं. महिन्याभरात चारी देशांचे तक्ते माझ्या दारात येऊन पडायला लागले. पोस्टमननं एकदा विचारलंच, "बाई, तुमचं सासर नेपाळात का?" माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

नियम साधे होते. जागा तीच, वेळ तीच, पद्धत तीच. ठरलेल्या जागी ठरलेली मिनिटं उभं राहायचं, दिसेल तो पक्षी लिहायचा. आणि एखादा पक्षी दिसला नाही तर त्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे बघितलंच नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. एवढी सोपी गोष्ट चार देशांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले. शून्य लिहायला कुणाचाच हात धजत नाही. बांगलादेशातले एक गृहस्थ चिमणीच्या रकान्यात "काल होत्या" असं लिहायचे. नेपाळातल्या एका मास्तरांची जागा दरवर्षी थोडी थोडी सरकत होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की चहाची टपरी सरकते तसे मास्तरही सरकतात. मी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं आणि त्यांची जागा यादीतून काढून टाकली. माझा स्वभाव तेव्हा असा होता. अजूनही आहे, फक्त आता गुडघे साथ देत नाहीत.

माझ्यावर नजर ठेवणारी एकच व्यक्ती होती. श्रीलंकेतल्या डोंगराळ गावातली एक शिक्षिका. तिच्या बेरजा मी तपासायच्या, माझ्या तिनं. आधी पत्रं चालायची, मग सुभाष रोडवर इंटरनेटचं दुकान निघाल्यावर ई-मेल. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण भांडलो मात्र सख्ख्या बहिणींसारख्या.

माझा स्वतःचा मार्ग सप्तापूरपासून रायापूरपर्यंत. शेवटची जागा हुबळी रस्त्यापासून थोडी आत, जोंधळ्याच्या शेताच्या बांधावर. टाळी वाजवली की चिमण्यांचा थवाच्या थवा उठायचा, मोजताना धांदल उडायची. मग तिथं लेआउट पडला, घरांच्या प्लॉटांच्या साइटी विकल्या गेल्या, चिमण्या पातळ होत गेल्या. आणि एका जानेवारीत मी मोपेड लावून बघते तर माझ्या जागेवर घर! पिस्ता रंगाचं, नवंकोरं. मी रस्त्याकडच्या खुणेपासून टेप लावून मोजलं. माझी जागा पडत होती त्या घराच्या परसात, धुण्याच्या दगडाला लागून. मास्तरांना तर मी पत्र पाठवून मोकळी झाले होते. आता माझी पाळी होती. मी बेल दाबली.

दार उघडलं एका वयस्क गृहस्थांनी. कपाळाला गंध, अंगात बंडी. हुबळीच्या मार्केटात त्यांचं धान्याचं आडत दुकान होतं, मूळ गाव सांगलीकडचं. दुकान मुलाकडे सोपवून नवरा-बायको धारवाडच्या हवेला येऊन राहिले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. सकाळी सकाळी एक अनोळखी बाई येऊन तुमच्या परसात उभी राहून पक्षी मोजते म्हणाली, तर दुसऱ्या कुणी दार लावून घेतलं असतं. अप्पा म्हणाले, "बर्री, बर्री! या की आत. आधी चहा, मग काय मोजायचं ते मोजा."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मी उभी राहायची तेवढा वेळ अक्का धुणं आपटायच्या थांबायच्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहायच्या. मग उप्पीट, चहा. पहिल्याच वर्षी अप्पांनी माझ्या खांद्यावरून तक्त्यात डोकावून पाहिलं.

"चिमणीच्या पुढं हे काय लिवलासा?"

"शून्य."

"आणि हे जाणार कुठं?"

"श्रीलंकेला. तिथून नेपाळ, बांगलादेश."

अप्पांचा चेहराच पडला. "म्हणजे घर बांधून वर्ष झालं न्हाई, आणि चार देशांत कळणार, ह्यांच्या दारात चिमणीसुद्धा येत न्हाई म्हणून?"

मी म्हणाले, शून्यात लाजण्यासारखं काही नसतं. अप्पा म्हणाले, "शून्याला कसली लाज मॅडम? लाज मालकाला असती."

दुसऱ्या वर्षीही शून्य, तिसऱ्या वर्षीही. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत चिमणीनं घरटं करायचं कुठं? अप्पा दरवर्षी उप्पीट पुढे करताना अवघडून जायचे, मुलीच्या सासरच्यांपुढे वाढण्यात काही कमी पडल्यासारखे.

आणि मग एका वर्षी चमत्कार झाला. परसात पाऊल टाकते तर भिंतीवर चिमण्या, खिडकीच्या गजांवर चिमण्या, धुण्याच्या दगडावर चिमण्या! माझं नाचायचंच बाकी राहिलं. त्या काळात जो तो म्हणत होता, चिमण्या गेल्या, चिमण्या गेल्या. कुणी मोबाइलच्या टॉवरवर खापर फोडायचं, कुणी म्हणायचं, काही नाही, तुम्ही म्हातारे झालात म्हणून जुनं आठवतं. खरं काय ते सांगायला शेत होतं तेव्हापासून घरं झाली तोवर न तुटलेली मोजणी हवी, आणि आमच्या भागात ती एवढ्या एकाच जागेची होती. आता तिथंच चिमण्या परतल्या होत्या. मी उप्पिटाच्या दोन बशा खाल्ल्या आणि संध्याकाळी श्रीलंकेला कळवलं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अभिनंदन केलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "सगळ्यांकडे कमी होताना तुझ्या एकाच जागी एवढ्या कशा वाढल्या? कुणी वाट बघत नसेल अशा दिवशी एकदा जाऊन ये."

मला राग आला. राग आला म्हणूनच गेले. आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, न कळवता. परसाच्या दारातून पाहिलं तर अप्पा सुपातून मूठ मूठ जोंधळे उधळत होते आणि "या गं, या" म्हणत होते. भिंतीला घरट्यांसाठी मडकी टांगली होती. मला बघून ते जरासुद्धा दचकले नाहीत. उलट खुलले.

"दसऱ्यापासनं चालू केलोय. तुम्ही येईस्तोवर सवय लागाय पायजे म्हणून. निवडक माल हाय, पोराला सांगून मार्केटातनं आणवतो. एवढ्या लांबनं तुम्ही यायचं आणि आमच्या घरातनं शून्य घेऊन जायचं, हे बरं दिसतंय काय?"

मला भरूनही आलं आणि डोक्याला हातही लावावासा वाटला. पाहुणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून या माणसानं चिमण्या जमवल्या होत्या. मी परसातच त्यांना समजावलं. मी इथं उभी राहते म्हणून तुम्ही दाणे टाकणार असाल, तर माझा आकडा रायापूरच्या चिमण्यांचा नाही, तुमच्या जोंधळ्यांचा.

"मी रोज घालीन की. जन्मभर घालीन. मग?"

"तरी तेच. मी आले नसते तर घातले असते का?"

अप्पांनी सुपातल्या जोंधळ्यांवरून हात फिरवला. मग सूप खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे मी काटा मारला म्हणा की. उभ्या जन्मात दुकानात गुंजभर मारला न्हाई, आणि म्हातारपणी चार देशांत मारला."

अक्का दगडापाशी धुणं घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्यावर कडाडल्या, "चिमण्यांना दाणा घालणं पाप कवापासनं झालं हो?"

"एक घास चिऊचा" म्हणत जेवलेली माणसं आपण. मी हळूच म्हणाले, राहू दे अप्पा, तुम्ही दाणे घाला, मी ही जागाच काढून टाकते. मास्तरांची काढली, तशी माझी. अप्पांनी विचारलं, जागा काढली तर काय होईल? मी खरं ते सांगितलं, की इथल्या चिमण्या गेल्या की राहिल्या, हे मग कधीच कुणाला सांगता येणार नाही.

"आणि न्हाई काढली तर मी दाणे किती वर्षं घालायचे न्हाईत?"

"मोजणी दरवर्षी असते, अप्पा."

"म्हणजे मी असेपर्यंत."

मी मान खाली घातली. त्यांनी सूप डब्यावर उलटं केलं, दोनदा आपटलं आणि झाकण लावलं. त्या वर्षीचा आकडा मी "दाणे घातले होते" असं लिहून बाद केला.

पुढचं वर्षभर अधूनमधून मी जात राहिले, खरं तर चोरासारखी. अक्का चहा द्यायच्या, पण त्यात साखर घालायला विसरायच्या. त्यांच्याकडूनच कळलं, की पहिले कितीतरी दिवस चिमण्या खिडकीच्या गजांवर येऊन आत बघत बसायच्या. अप्पांनी आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि तिथं ते पेपर वाचत बसायचे. मडकी त्यांनी स्वतःच काढून ठेवली. हळूहळू चिमण्या यायच्या थांबल्या.

जानेवारी आला. थंडी होती. मी परसात उभी राहिले तसे अप्पा मफलर गुंडाळून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. अक्कांनी सांगायच्या आधीच धुणं थांबवलं. कावळे आले, साळुंक्या आल्या, तारेवर एक बुलबुल बसला. चिमणी नाही. मी घड्याळ पाहिलं. वेळ संपली होती. पेन उघडलं, आणि तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम. भिंतीवर."

एक चिमणी. शेपटी हलवत आमच्याकडेच बघत होती. माझं पेन रकान्यावर होतं. खोटं का सांगू, एक लिहावंसं वाटलं. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता, आणि लिहिणारी मी, तपासणारी समुद्रापलीकडे. अक्काही उठून उभ्या राहिल्या होत्या. मी अप्पांकडे बघितलं.

"वेळ झाली होती नव्हं?" त्यांनी विचारलं.

"झाली होती."

"मग लिवा की शून्य."

मी लिहिलं. चिमणी भिंतीवरून उतरून धुण्याच्या दगडावर आली आणि मान वाकडी करून इकडे तिकडे बघायला लागली. अप्पा तिच्याकडे बघत तसेच उभे राहिले. मग मफलर सारखा करत तिला म्हणाले,

"पुढं जा, बाई."