लवंगेचा बोळा

आर्णीहून यवतमाळला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवर कामाला जाणारी एक बाई माझ्या शेजारी बसायची. गालाला रुमाल बांधलेला, दाढेत लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. पिशवी उचलायला वाकली की तिला कळ यायची. याच दुखण्यापायी वरच्या दोन दाढा तिनं आधीच काढून टाकल्या होत्या.

एक दिवस ती रुमालाशिवाय आली. "डाक्टर म्हणे दात चांगलेच हायेत, कापसाच्या धुळीनं सायनस भरलं. गुन्हा नाकाचा अन् फाशी दातायले! अन् मी त्या कापसालेच दाढंत धरून बसली व माय!" म्हणत खळखळून हसली.

यंदा सर्दीत माझी दाढ ठणकली. काढायलाच निघाले होते, पण ते हसू आठवलं आणि आधी नाक दाखवलं. दाढ वाचली, तिच्या गेलेल्या दोन दाढांच्या पुण्याईनं.