तुळईसाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत तक्रार करायला बंदी आहे. तक्रार म्हणजे कुरकुर, आणि रानात कुरकुर करणारे इस्राएल लोक रानातच कसे मेले हे पाळकसाहेब वर्षातून चार वेळा तरी सांगतात. म्हणून कुणाला काही खुपलं, तर त्याने चिठ्ठी लिहून दाराजवळच्या पेटीत टाकायची. बुधवारच्या सभेत ती प्रार्थनेचा विषय म्हणून वाचली जाते. नळ गळतो? प्रार्थना. पंखा बंद? प्रार्थना. प्लंबर बोलवावा, असं अजून कुणाला सुचलेलं नाही. मी वडीलमंडळाचा, म्हणजे मंडळीच्या पंचांचा, सेक्रेटरी, मलाही नाही.

अशा पवित्र कारभारात गवंडीकाकांसारखा माणूस खपणं कठीणच होतं. चाळीस वर्षं बांधकामावर गेलेली, बोटांच्या भेगांत सिमेंट कायमचं मुक्कामाला आलेलं, बोलणं मोजूनमापून. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. त्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी ते मजुरांना बाहेर ठेवत आणि स्वतः स्लॅबखाली जाऊन उभे राहत. "काढा म्हणणाऱ्यानं खाली उभं राहायचं," म्हणायचे. आम्हाला हसू यायचं.

उपासनेला ते शेवटच्या रांगेत, लाकडी गॅलरीखाली बसत. तिथेच आम्ही वडीलमंडळही बसायचो, मंडळीवर नजर ठेवायला बरं पडतं म्हणून. काकांची नजर मात्र वर, तुळईवर. तुळई भिंतीत शिरते तिथे एक भेग होती. एके दिवशी त्यांनी तिच्यावर प्लास्टरचा पातळ पट्टा फासला. पंधरा दिवसांत पट्टा मधोमध चिरला, म्हणजे तुळई हलत होती.

काकांनी नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकली : "गॅलरीची तुळई भिंतीच्या आत कुजली आहे. वर माणसं चढवू नका." पाळकसाहेबांनी ती भरल्या गळ्याने वाचली आणि आम्ही तुळईसाठी प्रार्थना केली. आमेन सर्वांत मोठ्याने मीच म्हटलं. दुसऱ्या चिठ्ठीला काकांच्या मनातली भीती जावी म्हणून प्रार्थना झाली, तिसरीला त्यांचा गर्व जावा म्हणून. तीन बुधवारांत तुळई राहिली बाजूला, काकांचीच डागडुजी सुरू झाली.

तेवढ्यात एकोप्याचा रविवार आला. प्रवचनाचा विषय, विश्वासू पुढारी. चाळीस मुलंमुली गॅलरीत उभी राहून गाणार होती. त्यांत माझी मुलगीही होती, अगदी कठड्याला लागून. चिरलेला पट्टा काकांनी मला बोट लावून दाखवला होता. मी "बघू या" म्हटलं, घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

शनिवारी दुपारी, तालीम सुरू व्हायच्या आधी, काकांनी कामावरचे चार लोखंडी टेकू हातगाडीवरून आणले आणि तुळईखाली ठोकून बसवले, बरोबर आमच्या बाकांच्या मधे. पाळकसाहेब आम्हा पाच वडिलांना घेऊन आले, आणि बघताच लालबुंद झाले.

"काका, हे कुणाला विचारून?"

"तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या, साहेब."

"उद्या पाहुणे यायचेत, फोटो निघायचेत! याला बंडखोरी म्हणतात. जरा आज्ञा पाळायला शिका. काढा ते, आत्ताच्या आत्ता!"

"काढतो की. तुमचा शब्द कशाला मोडू?" काकांनी हातोडा उचलला. "फक्त आमच्या कामाची रीत तेवढी पाळा. तुम्ही सहाही जण इथं खाली येऊन उभे राहा. मी टेकू काढतो, वर चढतो आणि चार उड्या मारतो. मग पोरांना चढवा."

पाळकसाहेबांना एक जरुरीचा फोन आठवला. खजिनदारांची पाठ धरली. माझा गुडघा दुखायला लागला, तोवर तो कधी दुखला नव्हता. पाच मिनिटांत आम्ही ठराव केला : टेकूंना फुलं गुंडाळावीत व ते राहू द्यावेत. एकमताने मंजूर. अक्षर माझंच आहे.

रविवारी गाणं छान झालं. पाळकसाहेब उत्तम मेंढपाळावर बोलले, मेंढरांसाठी आपला प्राण देणाऱ्या, आणि डोळे पुसले. वडीलमंडळ त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलं होतं, पाहुण्यांना सोबत म्हणून. मी एकदा मान वळवून पाहिलं. मागचे बाक ओस पडले होते. काका तुळईखाली एकटेच उभे होते, नाडी बघावी तसा टेकूवर हात ठेवून. वर माझी मुलगी गात होती. तिच्या पायांखाली मी असायला हवा होतो. मला भयंकर लाज वाटली, पण मी जागचा हललो नाही.

पुढच्या महिन्यात तुळई काढली, तेव्हा भिंतीतल्या टोकाचा मुठीत भुगा झाला. पाळकसाहेबांनी बुधवारच्या सभेत सांगितलं, पाहा, प्रार्थनेचं फळ! काका त्या बुधवारी आलेच नव्हते, त्यांचा दुसरीकडे स्लॅब होता.

पण मला राहून राहून आठवतं ते त्या रविवारी घरी येतानाचं.

"बाबा, तुम्ही नेहमी मागे बसता," मुलगी म्हणाली. "आज पुढे का बसलात?"

"तू नीट दिसावीस म्हणून," मी म्हणालो.

पहिल्या रांगेत बसलं की गॅलरी पाठीमागे येते, हे तिलाही माहीत होतं.