बरं हाय

मंगरूळपीरच्या कचेरीपुढं मी वांगी विकायचो. वांगी एवढी मोठी, की गिऱ्हाईक त्यांच्या सावलीला बसायचं. असाच एकदा फौजेतून परतलेला एक गडी येऊन बसला. लढाईत गोळी लागून त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. नांगर धरवत नव्हता, सारी भिस्त पेन्शनीवर. तपासणाऱ्या डाक्टरानं पुसलं, "कसं काय?" आमच्याकडचा माणूस तिरडीवरूनही 'बरं हाय' म्हणतो. हाही म्हणाला. डाक्टरानं लिहिलं, माणूस बरा आहे. पेन्शन नामंजूर.

त्यावर त्यानं कचेरीत दाद मागितली होती, त्याचीच आज सुनावणी होती. लुळा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत तो घोकत होता, "बरं नाही साहेब, बरं नाही."

पुकारा झाला. वांगी सोडून मीही मागं गेलो. साहेबाची दाढ दुखत होती. गाल असा सुजलेला, की शिपायानं दाराच्या दोन्ही फळ्या उघडून ठेवलेल्या. ते पाहून हा घोकलेलं विसरला.

"साहेब, तब्येत कशी हाय?"

"बरी आहे," साहेब कण्हला.

"गाल एवढा सुजून राह्यला, तरी बरी? मीबी त्या डाक्टरले असंच बरं म्हनलो होतो, मायबाप."

साहेब हसला, गाल धरून विव्हळला. मग उठून त्यानं याचा लुळा हात स्वतः उचलून सोडला. हात ओल्या धोतरासारखा खाली पडला. पेन्शन मंजूर झाली.

बाहेर मी पुसलं, "मंग, कसं काय?"

त्यानं आधी कचेरीच्या दाराकडं पाहिलं, मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाला, "बरं हाय."