कोवळ्या उन्हातली कांताबाई

कडूबा जिना चढून वर आला तेव्हा सोमेश्वर एका नवरदेवाच्या गालावरचे मुरूम काढत बसला होता. परतूरच्या बाजारपेठेत, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नसराई सरली की पुढं महिना-दोन महिने त्याला हेच काम पुरायचं. नवऱ्याचे मुरूम घालवायचे, नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, स्टेजमागं जांभई देणारे मामा अख्खेच्या अख्खे गायब करायचे. ह्या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

कडूबानं चपला जिन्यातच काढल्या होत्या. मागं त्याची लेक भावना होती, जिंतूरला दिलेली.

"भाऊ, कांता गेली आमची," कडूबा म्हणाला. "मंगळवारी सकाळी. चुलीपुढं बसल्या बसल्या. गाडी बोलावली दवाखान्याला न्यायला, पर गाडी यायच्या आधीच."

सोमेश्वर ताडकन उठून उभा राहिला. वाईट तर वाटलंच, पण खरं सांगायचं तर कोण कांता, हे त्याच्या ध्यानात येईना. कडूबाला तो ओळखत होता. आष्टीच्या रस्त्याला त्याच्या चुलत्याचं शेत होतं, तिथं वर्षानुवर्षं कामाला येणारा माणूस. त्याची बायको म्हणजे डोक्याला फडकं बांधून कापूस वेचणाऱ्या आठ-दहा बायकांतली एक असणार.

"बसा मामा. ताई, बसा."

"बसत न्हाई. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. फोटो लागतो ना ठेवायला, त्याच्यासाठी आलो. मागच्या दिवाळीत तुम्ही काढल्ता तिचा, तुरीत. तेवढा जल्दी मोठा करून द्या."

कांता कोण, हे त्याला आता बराबर कळलं.

सोमेश्वरला एक नाद होता, रानाचे फोटो काढायचा. बारावी झाल्यावर वडिलांनी त्याला शेतात जुंपायचं ठरवलं, तर हा पठ्ठ्या जालन्याला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडं जाऊन काम शिकला. लग्नांवर पोट चाललं, पण लग्नातला तो डोळे दिपवणारा उजेड त्याला मनापासून कधी आवडला नाही. खरा उजेड सूर्याचा, आणि तोसुद्धा पहिल्या अर्ध्या तासाचा, असं त्याचं म्हणणं. दसरा झाला की महिना-दीड महिना तो पहाटे पाचला मोटरसायकल काढायचा. आपल्या भागात कुठले आलेत रंग, काळी माती अन् बाभळी, असं म्हणणाऱ्यांची त्याला कीव यायची. दिवाळीच्या आसपास कपाशीची पानं तांबडी पडायला लागतात. शेतकरी त्याला लाल्या म्हणतो आणि शिव्या घालतो, अन् हा येडा त्याच पानांपुढं गुडघे टेकून बसायचा. तांबड्या कपाशीत पिवळ्याधमक फुललेल्या तुरीच्या ओळी, बांधावरचं वाळायला लागलेलं गवत, फुटलेली पांढरी बोंडं. बायको आकांक्षा म्हणायची, "माझा एक फोटो काढायला तुम्हाला चारदा सांगावं लागतं, अन् गवतासाठी पाचला उठता." तिचं काही चुकत नव्हतं.

रानाच्या फोटोत माणूस मात्र त्याला बिलकुल चालायचा नाही. माणूस आला की बघणारा माणसाकडंच बघतो आणि रान बाजूला राहतं, हे त्याचं ठाम मत. वाईट मत नव्हतं ते. पण ठाम मतं माणसाला कधीकधी भलतीकडं नेतात.

मागच्या दिवाळीत अशाच एका सकाळी, चुलत्याच्या शेतात, त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला होता. ऊन तिरपं येऊन तुरीच्या फुलांतून आरपार निघालं होतं. पूर्वेकडून ढग सरकत होते, दोन-तीन मिनिटांत सगळं विझणार होतं, आणि नेमकी तेव्हा एक बाई ओळीत येऊन उभी राहिली. "माझा बी काढ की रे दादा एक." त्यानं हातानं बाजूला हो अशी खूण केली. तिला वाटलं, जरा सरकून नीट उभी राहा म्हणतोय. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, केस सारखे केले आणि सरळ उभी राहिली. तिला एकदाची वाटेला लावावी म्हणून त्यानं बटण दाबलं. "झालं, जा आता." ती गेली आणि ढगही आलेच. त्या दिवशी परत ऊन पडलं नाही.

म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रानाचा फोटो निघाला, आणि त्याच्या मधोमध बाई उभी.

मग त्यानं काय केलं, तर स्टुडिओत बसून ती बाई पुसली. आधी पदर, मग हात, शेवटी तोंड. तोंडाच्या जागी शेजारची तुरीची फुलं आणून बसवली, फांदीला फांदी जुळवत. आष्टीच्या एका बी-बियाण्याच्या दुकानदारानं तो फोटो कॅलेंडरवर छापला आणि ते कॅलेंडर पंचक्रोशीत घरोघर गेलं. मूळ फोटो? काम झालं की झालेलं तेवढं ठेवायचं आणि कच्चं फेकायचं, ही त्याची पद्धत. पुढच्या लग्नाचं काम आलं तसं त्यानं कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं होतं.

"दुसरा एखादा फोटो असंल ना घरात?" त्यानं विचारलं.

"आधार कार्डावरचा हाय," भावना म्हणाली. "त्यात ती आई वाटतच न्हाई, भ्यालेली दिसते. पुढचे दात पडल्ते ना तिचे. मोबाइल समोर धरला की पदर तोंडावर घ्यायची. माझ्या लग्नात बी घेतला. तुमच्यापुढंच तेवढी आपण होऊन उभी राह्यली."

तिनं पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. तेच कॅलेंडर. कडा झिजल्या होत्या, एका ठिकाणी तेलाचा डाग होता.

"आई म्हणायची, मी हितंच उभी व्हते, ह्या ओळीत. फुलं लय दाट, त्याच्यामागं झाकून गेले. मूळ फोटोत दिसत असंन, तो सोमेश्वरभाऊकडं हाय. आम्ही सगळे हुडकायचो तिला ह्याच्यात. माझ्या पोरीला तर पदर दिसायचा."

सोमेश्वर खुर्चीत बसला. त्यानं उगाच संगणकातले कप्पे उघडायला सुरुवात केली. काही नाही, हे ठाऊक असताना एकेक उघडून पाहिला. बापलेक मागं उभे राहून प्रत्येक वेळी पुढं वाकत होते, आता निघंल म्हणून. डिस्क खराब झाली, एवढं म्हटलं की भागलं असतं. कुणाला शंका आली नसती, उलट कडूबानंच त्याची समजूत काढली असती. ते वाक्य त्याच्या ओठावर आलंसुद्धा. तेवढ्यात त्याची नजर टेबलाकडं गेली. भावनाचं बोट तुरीच्या ओळीवरून हळूहळू फिरत होतं. एवढ्या वेळा पाहिलेल्या चित्रात ती अजून आईला शोधत होती.

"ती मागं न्हाई, ताई," तो म्हणाला. "मी पुसलं तिला."

भावनाचं बोट थांबलं.

"पुसलं म्हंजे?" कडूबाला काही कळेना.

तोंडानं सांगायची सोमेश्वरची छाती होईना. पडद्यावर नवरदेव तसाच होता. त्यानं माउस हलवला आणि गालावरचा एक मुरूम नाहीसा झाला.

"असं."

कडूबानं पडद्याकडं पाहिलं, मग कॅलेंडरकडं, परत पडद्याकडं. हात टेकायला त्यानं टेबलाची कड धरली.

"का वो? आडवी आल्ती का ती तुमच्या?"

"रानाच्या फोटोत माणूस नको वाटला मला. चूक झाली, मामा. सगळं काढायला दोन घंटे लागले, तोंडालाच लय वेळ गेला. अन् मंग मूळ फोटो बी ठेवला न्हाई."

"त्या रानात तर ती रोज व्हती," भावना म्हणाली. पदराचा बोळा तोंडात धरून ती भिंतीकडं वळली.

सोमेश्वरला वाटलं, ह्यांनी शिव्या द्याव्यात, एखादी मुस्काटात मारावी. कडूबानं तसलं काही केलं नाही. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं. ते गेलं ते गेलं. एक सांगा भाऊ. ती म्हणायची, मी तोंड भरून हसले, दात न्हाईत हे बी ध्यानात राह्यलं न्हाई. तिला जरा वाढवून सांगायची खोड व्हती. खरंच हसल्ती का ती?"

सोमेश्वरनं डोळे मिटले. ऊन आठवलं, ढग आठवले. पदराची कड आठवली, कानाजवळची केसांची बट आठवली, कारण ती फुलांत मिसळताना फार त्रास झाला होता. कपाळ कुठं संपतं आणि तूर कुठं लागते, हेही आठवलं. चेहरा येईना. त्यानं जिवाच्या आकांतानं आठवून पाहिलं, तरी येईना.

"मला आठवत न्हाई, मामा."

कडूबा त्याच्याकडं डोळे फाडून पाहत राहिला.

"दोन घंटे तिचं तोंड पुसून राह्यले तुम्ही," तो म्हणाला, "अन् बघितलं न्हाई?"

त्यानं कॅलेंडरची गुंडाळी केली, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेले.